एक्स-रे स्वच्छ, तरी जिन्यावर धाप

पत्र : माझं वय ४९. दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून जिना चढताना धाप लागते. आधी वर पोचल्यावर लागायची, आता पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभी राहते. खोकला कोरडा, कफ नाही. दोन एक्स-रे, ईसीजी, इको सगळं नॉर्मल आलं. हिमोग्लोबिन ११.२. डॉक्टरांनी दोन महिने श्वासाचा पंप (इन्हेलर) दिला, फरक नाही. मग चिंतेची गोळी दिली, तिने नुसती झोप येते. मे महिन्यात बहिणीकडे नाशिकला पंधरा दिवस होते तेव्हा बरं वाटलं, त्यावर घरचे म्हणतात, बघ, डोक्यातलंच आहे. रविवारी गॅलरीतली कबुतरांची घाण झाडली की संध्याकाळी अंगात कणकण येते, पण ते थकव्यामुळे असेल. आता कोणाकडे जाऊ आणि काय तपासून घेऊ? – एक वाचक, बडोदा

ताई, पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ तुम्ही ‘थकव्यामुळे असेल’ म्हणून बाजूला सारली आहे. गॅलरी झाडल्यावर संध्याकाळी कणकण, आणि नाशिकला गेल्यावर बरं. घरच्यांनी याचा अर्थ ‘डोक्यातलं’ असा लावला. छातीरोगतज्ज्ञ याच दोन गोष्टींवरून तुम्हाला पुढचे दहा प्रश्न विचारेल. पत्रावरून निदान होत नाही, पण कोणती तपासणी राहून गेली आहे ते सांगता येतं, आणि तुमच्या बाबतीत ते स्पष्ट दिसतंय.

आत्तापर्यंतचे रिपोर्ट खोटे नाहीत. त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता. एक्स-रेत न्यूमोनिया, छातीतलं पाणी, मोठी गाठ, टीबीचा ठळक डाग दिसतो. फुप्फुसाच्या बारीक जाळीत, म्हणजे हवेच्या पिशव्यांभोवतीच्या पातळ पडद्यांत, सुरू झालेली सूज त्यात बरेचदा दिसत नाही. ईसीजी हृदयाच्या विजेची नोंद करतो, तीही तुम्ही पलंगावर आडव्या असताना. इको हृदयाच्या झडपा आणि रक्त ढकलायची ताकद बघतो, तोही आराम करत असताना. ११.२ हिमोग्लोबिन बाईसाठी थोडं कमीच (१२ च्या खाली कमी धरतात), लोह तपासून भरून काढा, पण तेवढ्याने पहिल्या मजल्यावर कठडा धरायची वेळ येत नाही. म्हणजे चार तपासण्या झाल्या आणि त्यांत श्वास मोजणारी एकही नाही.

डॉक्टरांसमोर नेमकं काय बोललात तेही आठवून बघा. बडोद्यात आपण घरी मराठी आणि दवाखान्यात गुजराती बोलतो, आणि नेमकं इथेच घोटाळे होतात. ‘दम लागतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ‘दमा’ येतो आणि पंप हातात पडतो. ‘गभरामण थाय छे’ म्हटलं की केसपेपरवर चिंता लिहिली जाते. गुजरातीत या शब्दात गुदमरणंही येतं आणि घाबरणंही, कोणतं ते ऐकणारा ठरवतो. तुम्हाला म्हणायचं आहे ते ‘चढतां हांफ चढे छे, बेसी जाउं तो पांच मिनिटमां ऊतरी जाय छे’. शब्द एवढा नेमका ठेवा. श्वास आत घेताना अडतो की बाहेर सोडताना, छातीत सूं-सूं वाजतं का, बसल्या बसल्या कधी होतं का, आडवं झाल्यावर वाढतं का, रात्री तीन-चारला जाग येते का, या पाच गोष्टींची उत्तरं घरूनच लिहून न्या. चालताना धाप आणि बसल्यावर आराम हे चिंतेचं नेहमीचं रूप नाही. चिंतेची किंवा बिघडलेल्या सवयीची श्वासाची तक्रार बहुधा बसल्या जागी येते, मोठमोठे उसासे निघतात, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे जिना चढताना ती कधी कधी विसरूनही जाते. ती गोळी मात्र अचानक सोडू नका. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो, शिवाय काही गोळ्या श्वासाचा जोर किंचित कमीही करतात. ज्यांनी दिली त्यांनाच विचारून कमी करा.

आता घरच्या घरी करायची एक मोजणी. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कपाटात पडून असतो. सेल बदला. नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेलं मधलं बोट निवडा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. पाच मिनिटं शांत बसून आकडा लिहा. तो ९४ च्या खाली असेल तर पुढचं काही न करता डॉक्टरकडे जा. ठीक असेल तर हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, आणि एक मिनिटभर उठा-बसा करा, आपल्या वेगाने. बोटावर यंत्र लावलेलंच असू द्या, शेजारी कोणीतरी उभं असू द्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. मिनिट संपल्यावर यंत्र काढू नका, पुढचं मिनिटभर बघत राहा, कारण बोटापर्यंत आकडा उशिरा पोचतो आणि सगळ्यांत खालचा आकडा बरेचदा थांबल्यानंतरच दिसतो. ९७ वरून ९२ असं काही झालं, म्हणजे चार किंवा जास्त अंकांची घट, आणि दुसऱ्या दिवशी तेच परत आलं, तर ‘सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य तिथे संपलं. घट नाही आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. दवाखान्यात याच तत्त्वावर सहा मिनिटं चालवून बघतात, तीस मीटरच्या सपाट पट्ट्यात.

पहिली खरी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री, यंत्रात फुंकून श्वास मोजायची. सयाजी हॉस्पिटलच्या छातीविभागात किंवा कोणत्याही छातीरोगतज्ज्ञाकडे होते, वीस-तीस मिनिटांचं काम. आधी दोन तास भरपेट जेवू नका, घट्ट कपडे नकोत. पंप चालू असेल तर निळा, चटकन आराम देणारा, चार ते सहा तास आधी थांबवतात. दिवसातून दोनदा घ्यायचा बारा तासांचा चोवीस तास आधी. हे डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही. नाकाला चिमटा लावतात. छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकदम जोरात फुंकायचं. फुंकणं बिघडतं ते नंतर. पहिल्या सेकंदाला बहुतेक हवा निघून जाते, माणसाला वाटतं झालं, आणि तो थांबतो. थांबायचं नाही. वाटलं काही येत नाही तरी ढकलत राहायचं, किमान सहा सेकंद. अर्धाच श्वास भरून फुंकलं, पहिल्या सेकंदात खोकला आला, ओठांच्या कोपऱ्यातून हवा गेली, तर ते फुंकणं बाद. निदान तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोनमधला फरक दीडशे मिलीलिटरच्या आत हवा. तंत्रज्ञ घाईत ‘चालेल’ म्हणाला तर ‘अजून एकदा घेते’ म्हणायला लाजू नका. वाईट फुंकलेला रिपोर्ट हा न काढलेल्या रिपोर्टपेक्षा जास्त दिशाभूल करतो.

मग पंपाचे चार झोत देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. हा दुसरा अर्धा भाग वगळलेला रिपोर्ट घेऊ नका. पंपानंतर पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलीलिटरने वाढला तर दम्याकडे बोट जातं. नव्या निकषात हिशेब थोडा वेगळा आहे, पण बहुतेक ठिकाणी हाच जुना वापरतात. पहिल्या सेकंदाची हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर पंपानंतरही ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्यांतला कायमचा अडथळा, बहुधा सीओपीडी. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात गेलेल्या बायकांनाही हा होतो, विडी ओढलेलीच असावी लागते असं नाही. आणि गुणोत्तर चांगलं पण एकूण हवाच कमी आली तर संगणक खाली ‘रेस्ट्रिक्शन’ असं छापतो. त्याचे दोन अर्थ असतात : फुप्फुसं खरंच आकसली आहेत, किंवा फुंकणं अर्धवट झालं. छापलेल्या ओळीवर जाऊ नका, आलेख असलेला पूर्ण कागद मागून फाइलला लावा.

दोन महिने घेतलेल्या पंपाचंही एक सांगते. दाबायचा पंप असेल तर हलवून, आधीचा श्वास सोडून, दाबत दाबत सावकाश चार-पाच सेकंद आत ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र असेल तर एकदम जोरात आणि खोल ओढायचं. दोघांची रीत उलटी आहे, आणि बऱ्याच जणांना एकाची रीत दुसऱ्याला लावायची सवय असते. तुम्ही कसा घेत होतात ते तज्ज्ञासमोर करून दाखवा. रीत बरोबर होती आणि तरीही काडीचा फरक नव्हता, तर ती माहिती दम्याच्या विरोधात जाते.

स्पायरोमेट्री नॉर्मल किंवा ‘रेस्ट्रिक्शन’ आली तर तिथेच थांबू नका, डीएलसीओ करायला सांगा. फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते ही तपासणी मोजते. एका विशिष्ट वायूचा श्वास घेऊन दहा सेकंद रोखायचा, बस. हवा आत-बाहेर करणाऱ्या नळ्या ठीक आहेत पण पलीकडची जाळी सुजली आहे, अशा वेळी बहुधा हाच आकडा सर्वांत आधी घसरतो. त्याच आठवड्यातलं हिमोग्लोबिन सोबत न्या, कारण ते कमी असलं की आकडा उगीच कमी दिसतो. छोट्या दवाखान्यांत हे यंत्र नसतं, फोन करून विचारूनच जा.

आता गॅलरी. कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीत जी प्रथिनं असतात त्यांची काही जणांच्या फुप्फुसाला ॲलर्जी बसते. शिंका येणारी ॲलर्जी नाही ही, थेट जाळी सुजवणारी. नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, डॉक्टर तोंडाने ‘एचपी’ म्हणतात. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी कणकण, खोकला, छातीत जखडल्यासारखं, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. रविवारी सकाळी झाडलं आणि संध्याकाळी अंग मोडलं, हा हिशेब जुळतो. पण रोज थोडा-थोडा संपर्क असला की असा ठळक ताप न येता नुसती धाप आणि कोरडा खोकला महिनोन्‌महिने वाढत राहतो, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण शेवटी जाळीला वण पडतात आणि ते पुसले जात नाहीत. कबुतरं पाळावीच लागतात असं नाही. बडोद्यात पारव्यांना दाणे टाकणं पुण्याचं काम, त्यामुळे शेजारच्या गच्चीवर सकाळी ज्वारी पडते आणि घरटं मात्र तुमच्या एसीच्या बाहेरच्या डब्यामागे होतं. तो डबा आणि भिंत यांमधली चार बोटांची फट बघा. वाळलेल्या विष्ठेचा थर, पिसं, काड्या, आणि पंखा फिरला की ती भुकटी सरळ खिडकीकडे.

कबुतरांबरोबर बाकीचंही तपासा. गवताच्या बुरशी धरलेल्या जाळ्यांचा कूलर, भिंतीची ओल, पिसांची उशी किंवा रजई, बुरशी आलेलं धान्य. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुप्फुसाच्या जाळीच्या आजाराचे १,०८४ नवे रुग्ण होते. त्यांतले सुमारे ४७ टक्के एचपीचे निघाले, आणि या एचपीवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे एअर कूलरचा संपर्क नोंदला गेला. कूलर आपल्याकडे घरोघरी असतो हे धरूनच हा आकडा वाचायचा, तरी कूलरच्या जाळ्या दरवर्षी बदलायला तेवढं कारण पुरे.

हा संशय असेल तर लागणारी तपासणी म्हणजे छातीचा एचआरसीटी, साधा सीटी नव्हे. दीडेक मिलीमीटरचे पातळ काप, कॉन्ट्रास्टची सुई लागत नाही. चिठ्ठीवर ‘श्वास भरून आणि श्वास सोडून, दोन्ही’ असं लिहून घ्या. एचपीत बारीक नळ्यांमागे हवा अडकते आणि ते फक्त श्वास सोडल्यावरच्या कापांत उठून दिसतं, नुसता श्वास भरून काढलेल्या स्कॅनमध्ये अर्धा पुरावा हरवतो. ‘कबुतरांचा संपर्क, कोरडा खोकला, चढताना धाप’ एवढंही चिठ्ठीवर हवं, म्हणजे वाचणारा रेडिओलॉजिस्ट काय शोधायचं ते जाणून शोधेल. घरी पंधरा सेकंद श्वास रोखायचा सराव करून जा. खोकल्याने हललेला काप धूसर येतो. फिल्मबरोबर सीडीही मागा. रक्तात कबुतराविरुद्धची प्रतिपिंडं तपासता येतात, पण ती सापडली तर फक्त संपर्क सिद्ध होतो, आजार नाही, आणि नाही सापडली म्हणून आजार नाकारताही येत नाही. त्या एका रिपोर्टवर कोणी निकाल देत असेल तर सावध राहा.

हे सगळं होईपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका, केमिस्टकडून तर नाहीच. चार दिवस छान वाटतं, आणि स्कॅनमधली सूज, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, फुप्फुसात दुर्बीण घालून घेतलेल्या नमुन्यातला पुरावा, सगळं पुसट होतं. तातडीचा जीवघेणा प्रसंग वेगळा, तिथे डॉक्टर देतील ते घ्यायचं. तसंच थुंकीत काही न सापडता नुसत्या फिल्मवरून टीबीचं औषध सुरू करा म्हटलं तर कशाच्या आधारावर, ते विचारा. जाळीच्या आजाराचे रुग्ण आपल्याकडे या फेऱ्यात बरेच महिने घालवतात. टीबी असेल तर औषध हवंच, पण तपासून.

जुन्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. लघवीच्या वारंवार संसर्गासाठी महिनोन्‌महिने घेतलेलं नायट्रोफ्युरॅन्टॉइन, सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेट, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, ही फुप्फुस खराब करू शकतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा दमा उठवतात, आणि डोळ्याचं औषध छातीच्या डॉक्टरला सांगायचं कोणाला सुचतच नाही. सांधे सकाळी आखडतात का, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, डोळे-तोंड कोरडं असतं का, हेही सांगा. काही वातविकार आधी फुप्फुसात दिसतात. रक्ततपासणीत इओसिनोफिलचा एकूण आकडा बघा. तो ३,००० च्या वर असेल आणि खोकला रात्री जास्त असेल तर हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा एक वेगळाच, औषधाने बरा होणारा आजार असू शकतो. थायरॉइड एकदा करून टाका.

समजा एचआरसीटीही स्वच्छ आला, डीएलसीओही चांगला किंवा थोडासाच कमी. मग शोध तीन-चार दिशांनी जातो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जुन्या बारीक गुठळ्या अडकल्या असतील तर त्या एचआरसीटीत दिसत नाहीत, डीएलसीओ मात्र बहुधा थोडा तरी उतरलेला असतो. त्यासाठी फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा व्ही-क्यू स्कॅन किंवा कॉन्ट्रास्टचा वेगळा सीटी लागतो. हृदय पंप नीट करतं पण सैल पडत नाही, असा एक हृदयविकार आहे, इकोत पंपाची टक्केवारी छानच येते. बीपी, मधुमेह, वजन असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करा, ती १२५ च्या खाली आली तर तो संशय बराच मागे पडतो, मात्र वजन फार असेल तर आकडा फसवा कमी येतो. श्वास आत घेतानाच गळ्यात अडतो, आवाज बसतो, आणि काही मिनिटांत आपोआप सुटतो, असं असेल तर स्वरयंत्राच्या पडद्यांचा दोष. तो त्रास चालू असताना कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बीण घालून बघितला तरच सापडतो. आडवं झाल्याबरोबर घुसमट होत असेल तर श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याची) ताकद : स्पायरोमेट्री बसून आणि झोपून दोन्ही करायची. आणि इतकं करूनही कोडं राहिलं तर सायकल चालवत हृदय-फुप्फुस-स्नायू एकत्र मोजणारी सीपीईटी चाचणी, ती मोठ्या केंद्रातच होते.

तज्ज्ञाकडे दहाच मिनिटं मिळतात, म्हणून एका कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढंच लिहा. पहिली ओळ : ‘वर्षभरापूर्वी तीन मजले, आता एक.’ दुसरी : उठा-बशीचे दोन दिवसांचे आकडे. तिसरी : कबुतरं, रविवार, नाशिकचे पंधरा दिवस. त्याखाली गोळ्या. मागे जुने एक्स-रे, फिल्मसकट. पाठ उघडी करून खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून घ्या, जाळीच्या आजारातला, वेल्क्रो सोडवल्यासारखा आवाज तिथेच येतो. कुडत्यावरून, समोरून दोन ठिकाणी लावलेल्या नळीने तो हुकतो.

हे मात्र तपासण्यांच्या रांगेत थांबवू नका, १०८ ला फोन करा : एकाएकी वाढलेली धाप, विशेषतः एक पाय सुजलेला असेल तर, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, भोवळ, ओठ निळसर, वाक्य एका दमात पुरं न होणं, बसल्या जागी ऑक्सिमीटर ९० च्या खाली.

गॅलरी आजपासून तुम्ही साफ करायची नाही. केरसुणी किंवा फडा कोणीच मारायचा नाही, वाळली विष्ठा झाडली की ती हवेत उठते. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून आधी साबणाचं पाणी फवारून थर पूर्ण भिजवायचा, मग खरवडून पिशवीत बांधायचा. त्या वेळी तुम्ही घराबाहेर, खिडक्या बंद. नंतर एसीच्या डब्यामागची फट बंद करून जाळी बसवून घ्या. आधी घरट्यात अंडी किंवा पिल्लं नाहीत ना ते बघा. पडदे आणि गाद्यांची खोळ धुऊन टाका. पक्षी गेल्यावरही भुकटी घरात काही महिने राहते, म्हणून आठवड्यात फरक नाही पडला तर ‘कबुतरं नव्हतीच कारण’ असं ठरवू नका. जमलं तर सफाईनंतर दोन-तीन आठवडे पुन्हा बहिणीकडे जाऊन राहा आणि दर तीन दिवसांनी उठा-बशीचे आकडे त्याच वहीत लिहा. एचआरसीटीची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.